पॅच लावलेल्या एमएसआयमधून फक्त बदललेल्या फाइल्स कोडने कशा काढायच्या?

सीप्झवाला:
नमस्कार मंडळी, अंधेरीला एका कंपनीत रिलीज टीममध्ये आहे. आमची बेस एमएसआय (विंडोजची इन्स्टॉलर फाइल) आहे, वर दर रिलीजला एमएसपी पॅच (त्या इन्स्टॉलरसाठीची सुधारणा फाइल) निघतो आणि सिक्युरिटीवाल्यांना नेमक्या बदललेल्या डीएलएल (प्रोग्रॅमच्या कोडच्या फाइल्स) स्कॅनसाठी वेगळ्या काढून हव्या असतात. आत्ता टीममधला एक मुलगा व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीनवर) इन्स्टॉल करून हाताने कॉपी करतो, अख्खी दुपार जाते बिचाऱ्याची. सेव्हन-झिपने एमएसपी उघडली तर आत कॅब (फाइल्सचा कॉम्प्रेस केलेला गठ्ठा) आहे पण नावं भलतीच आणि काही फाइल्स इतक्या छोट्या की त्या पूर्ण डीएलएल असूच शकत नाहीत. इन्स्टॉल न करता सी शार्पमधून होईल का?

डोंबिवली फास्ट:
होईल, पण एकट्या एमएसपीतून नाही. ती भलती नावं म्हणजे एमएसआयच्या फाइल टेबलमधल्या 'की', म्हणजे आतली ओळखनावं, आहेत, खरं नाव त्याच टेबलच्या फाइलनेम कॉलममध्ये असतं. आणि छोट्या फाइल्स म्हणजे डेल्टा, म्हणजे जुन्या फाइलमधला फक्त फरक, जुनी फाइल हाताशी नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. एमएसपीत मुख्यतः दोन गोष्टी असतात, बेसचा डेटाबेस बदलणारे ट्रान्सफॉर्म आणि फाइल्सची कॅब, त्यामुळे बेस लागणारच.

सगळ्यात सोपं म्हणजे ॲडमिन इमेज, म्हणजे इन्स्टॉल न करता सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये उलगडणं. एमएसआयएक्झेक (विंडोजची इन्स्टॉलर चालवणारी कमांड) स्लॅश ए देऊन बेस एका फोल्डरमध्ये काढ, टार्गेटडिर, म्हणजे तो फोल्डर, पूर्ण पाथने दे. मग त्या फोल्डरची कॉपी करून कॉपीतल्या एमएसआयवर स्लॅश ए आणि स्लॅश पी एकत्र चालव, म्हणजे डेल्टासुद्धा लागून पूर्ण फाइल्स मिळतात. प्रॉडक्ट मशीनवर रजिस्टर होत नाही. शेवटी दोन्ही फोल्डरमधल्या फाइल्सचे हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा) ताडून बघ, वेगळे निघाले ते आणि नव्याने आलेले, तेवढेच उचल. व्हर्जन नंबरवर विसंबू नकोस कृपा करून, कॉन्फिग फाइल्सना व्हर्जन नसतं आणि सिक्युरिटीच्या कामात नेमकी तीच फाइल सुटली तर सगळी मेहनत वाया.

ठाणे स्लो:
वरचं बरोबर आहे, पण सगळं कोडमध्येच हवं असेल तर विक्स या इन्स्टॉलर बनवायच्या टूलचं डीटीएफ (डॉटनेट लायब्ररी) बघ, न्यूगेट या पॅकेज साइटवर मिळतं. त्यात इन्स्टॉलपॅकेज क्लास आहे, अप्लायपॅच कर, ट्रान्सफॉर्मचं नाव नल ठेवलंस की लागू पडणारा तोच शोधतो, मग एक्स्ट्रॅक्टफाइल्स. हे एमएसआयच बदलतं, त्यामुळे कायम कॉपीवर काम कर.

सीप्झवाला:
मस्त, दोघांचे आभार! ॲडमिन इमेजवालाच करतो, बिल्ड सर्वरवर नवीन लायब्ररी आणायची तर परवानग्यांची भानगड. पण मधेच १६४२ एरर येतोय.

डोंबिवली फास्ट:
१६४२ म्हणजे पॅचला त्याचं टार्गेट सापडत नाहीये, बहुतेक तो तुझ्या बेसच्या नाही तर मधल्या कुठल्यातरी व्हर्जनवर बांधलाय. पॅच क्युम्युलेटिव्ह, म्हणजे आधीचे बदलही सामावणारे, नसतील तर आधीचे सगळे क्रमाने लाव आणि तुलना शेवटच्या पॅचच्या आधीच्या इमेजशी कर, मूळ बेसशी नाही. आणि कोडमधून एमएसआयएक्झेक चालवताना प्रोसेस संपेपर्यंत थांब, नाहीतर फाइल्स अर्ध्या लिहिलेल्या असतानाच हॅश निघतील.