उंच झाडावर दोर चढवण्यासाठी थ्रो-बॅग किती वजनाची घ्यावी?

पारंबी (प्रश्न)

नमस्कार. उंच झाडांच्या वरच्या फांद्यांवरून बिया गोळा करण्याच्या कामासाठी मी दोराने झाडावर चढायला शिकत आहे. चढणे आता बऱ्यापैकी जमते, पण त्याआधीचे काम, म्हणजे बारीक थ्रो-लाइनला वजनाची पिशवी बांधून ती जमिनीवरून हव्या त्या फांदीपलीकडे टाकणे आणि मग त्या लाइनने चढण्याचा दोर वर ओढून घेणे, यात माझी सकाळच्या सकाळ निघून जाते. माझ्याकडे २२५ ग्रॅमची थ्रो-बॅग आहे. ती हाताने फेकून १८ ते २० मीटरवरच्या दुबेळक्यापर्यंत पोहोचते, मात्र फांदी ओलांडल्यावर दोन-तीन मीटर उतरून तिथेच लोंबकळत राहते आणि कितीही ढील दिली तरी हलत नाही. म्हणून ४५० ग्रॅमची पिशवी वापरून पाहिली. ती जिथे पडते तिथून विनातक्रार खाली येते, पण एका हाताने फेकल्यास १२ मीटरच्या वर जात नाही. झाडांची साल खरखरीत आहे आणि माझी लाइन २.२ मिलिमीटर जाडीची, बरीच वापरलेली आहे. मधली ३४० ग्रॅमची पिशवी घेतल्याने हा प्रश्न सुटेल, की चूक वजनात नसून दुसरीकडे कुठे आहे?

वल्कल

पिशवी वर जाते ती आपल्या हाताच्या जोरावर, पण खाली येते ती केवळ स्वतःच्या वजनावर. म्हणून वजन निवडताना उतरण्याचा हिशेब आधी मांडावा, असे मला वाटते. तो फारसा अवघड नाही. २.२ मिलिमीटरची लाइन मीटरला साधारण अडीच ग्रॅम भरते असे धरू. फांदी २० मीटरवर असेल, तर आपल्या बाजूला लोंबणाऱ्या लाइनचे वजन ५० ग्रॅम होते आणि पिशवीला खाली येताना एवढे वजन फांदीवरून ओढून न्यावे लागते. इथे घर्षण आडवे येते. लाइन फांदीला जितक्या कोनातून वळसा घालते, तितके घर्षण नुसते वाढत नाही, तर पटीने वाढते. खरखरीत सालीसाठी घर्षणगुणांक (दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरतात त्याचे माप) ०.३ धरला, तर एका फांदीवरच्या अर्ध्या वळशाने ५० ग्रॅमचे सुमारे १३० ग्रॅम होतात. म्हणजे एकाच फांदीवरून जाणारी लाइन असेल, तर आपली २२५ ग्रॅमची पिशवी खाली यायला हवी. पण लाइन वाटेत आणखी फांद्यांना घासून वळत असेल आणि सगळे वळसे मिळून एक पूर्ण फेरा होत असेल, तर त्याच ५० ग्रॅमचे सुमारे ३३० ग्रॅम होतात. तिथे २२५ ग्रॅम अडकणार, ३४० ग्रॅम कसेबसे सरकणार आणि ४५० ग्रॅम उतरणार. आपण लिहिलेली लक्षणे याच्याशी तंतोतंत जुळतात. सुरुवातीचे दोन-तीन मीटर पिशवी उतरते, ते फेकीचा वेग अंगात शिल्लक असतो म्हणून.

यावरून माझा तर्क असा की, आपली लाइन एकाहून अधिक फांद्यांवरून जात आहे आणि पर्णसंभारामुळे ते खालून दिसत नाही. फेकण्यापूर्वी झाडाभोवती एक पूर्ण चक्कर मारून दुर्बिणीने ते दुबेळके चारही बाजूंनी पाहावे, आणि जिथून ते मोकळे दिसेल तिथून फेक करावी.

दुसरी गोष्ट लाइनची. वापरून तंतू पिंजारलेली लाइन सालीत रुतते. तिच्याऐवजी १.७५ मिलिमीटरची गुळगुळीत डायनीमाची (एका मजबूत, हलक्या कृत्रिम तंतूची) लाइन घेतली, तर मीटरचे वजन दीड ग्रॅमच्या आसपास येते. घर्षणगुणांक ०.२ धरून वरचाच पूर्ण फेरा मोजला, तर जेमतेम ११० ग्रॅमचा विरोध उरतो. म्हणजे जी २२५ ग्रॅमची पिशवी आज वर लटकते, तीच नव्या लाइनवर खाली येईल. या बारीक लाइनचे दोषही सांगायला हवेत: ती हाताला कापते, तिचा गुंता लवकर होतो आणि तिच्यावर गाठ निसटते, त्यामुळे पिशवी बांधताना एक वेढा जास्त घ्यावा.

उंबर

वरचा हिशेब मला पटतो. फेकण्याविषयी आणि ढील देण्याविषयी थोडी भर घालतो.

४५० ग्रॅमची पिशवी एका हाताने फेकण्याची नाही. लाइनचा दुहेरी पदर पिशवीच्या कडीतून ओढून घ्यावा, दोन्ही हातांनी धरून पिशवीला पायांमधून मागे-पुढे झोके द्यावेत आणि पुढच्या झोक्यात हात वर जात असताना दोन्ही पदर एकदम सोडावेत. यात पाठ आणि मांड्यांचा जोर लागतो, आणि जड पिशवीला तोच हवा असतो. उरलेली लाइन गवतावर न टाकता उघड्या खोक्यात किंवा ताडपत्रीवर सैल रचून ठेवावी, कारण एका काटकीत अडकलेली लाइनसुद्धा फेकीची उंची खाऊन टाकते.

नुसती ढील देऊन वाट पाहणे हे आपल्या अडचणीचे आणखी एक कारण असू शकते. थांबलेल्या लाइनला पुन्हा सुरू करायला जितका जोर लागतो, त्याहून कमी जोरात सरकती लाइन सरकत राहते. म्हणून लाइन हातभर ओढून एकदम सोडावी, किंवा मनगटाने तिच्यात लाटा सोडाव्यात. प्रत्येक लाटेबरोबर पिशवी वीतभर उतरते. १२ ते १५ लाटांनंतरही ती हलली नाही, तर वजन अपुरे आहे किंवा वाट चुकीची आहे असे समजून फेक परत घ्यावी.

परत घेताना मात्र हिसका देऊ नये. दुबेळक्यात अडकलेली पिशवी ताणलेल्या लाइनने अचानक सुटली, तर ती थेट ओढणाऱ्याकडे येते. माझ्या एका सोबत्याचा चष्मा अशाच प्रसंगी फुटला, आणि डोळा वाचला हे केवळ नशीब. आणि पिशवी जमिनीवर पोहोचलेली असेल, तर ती सोडवूनच लाइन परत ओढावी. पिशवी बांधायला सुटी सुरगाठ मारलेली असली, की हे काम क्षणात होते.

शेंडा

माझे मत थोडे वेगळे आहे. हिशेबाने २२५ ग्रॅम पुरते असे दिसले, तरी पावसात भिजलेली लाइन जड होते आणि ओली साल तिला अधिक धरते. त्यामुळे एकच पिशवी घ्यायची असेल, तर मी ३४० ग्रॅमची घेईन. खांबावर बसवलेल्या मोठ्या गलोलीने मारायचे झाले, तरी हे वजन तिच्यात नीट बसते.

४५० ग्रॅमची पिशवी मात्र टाकून देऊ नये. तिचा खरा उपयोग पहिल्या फेकीनंतर होतो. हलकी पिशवी खाली आली, पण लाइन नको असलेल्या बाहेरच्या फांदीवरूनही गेली असेल, तर हलकी सोडवून त्याच टोकाला जड पिशवी बांधावी, ती त्या फांदीच्या वरपर्यंत ओढावी आणि थोडे झुलवून खोडाकडच्या बाजूने पुन्हा खाली सोडावी. जड पिशवी झोका टिकवून ठेवते, त्यामुळे ती हव्या त्या बाजूला टाकता येते. हलकी पिशवी वाऱ्यावर भरकटते.

सुरक्षेबाबत एकच आकडा देतो. २० मीटरवरून मोकळी पडणारी पिशवी जमिनीजवळ ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगाने येते. हेल्मेट आणि डोळ्यांवर संरक्षण हवेच, पण फेक करण्याआधी मोठ्याने पुकारा करून झाडाखालची माणसे हटवणेही तितकेच आवश्यक आहे. झाडाजवळून विजेच्या तारा जात असतील, तर तिथे लाइन फेकूच नये. पिशवीत शिशाचे छर्रे असतील आणि शिवण उसवली असेल, तर ती वापरातून काढावी.

पारंबी

सर्वांचे मनापासून आभार. आज दुर्बिणीने पाहिले, तर माझ्या नेहमीच्या जागेवरून लाइन मुख्य दुबेळक्याच्या खाली असलेल्या मनगटाएवढ्या फांदीवरूनही वळत होती. सुमारे एक चतुर्थांश फेरी मारून दुसरीकडून फेकल्यावर जुन्या लाइनवरच २२५ ग्रॅमची पिशवी पाच-सहा लाटांत जमिनीवर आली. नवी लाइन आणि ३४० ग्रॅमची पिशवी घेणार आहे, आणि जड पिशवी बाहेरच्या फांद्या टाळण्यासाठी ठेवणार आहे. एक शंका उरते: दुबेळके जमिनीवरून मजबूत दिसले, तरी त्यावर चढण्याइतका विश्वास कसा ठेवावा?

वल्कल

दुबेळके जिवंत आहे, त्यावर बुरशी किंवा पोकळी नाही आणि ती फांदी खोडाजवळ निदान दंडाएवढी जाड आहे, हे आधी दुर्बिणीने पाहावे. चढण्याचा दोर लागल्यावर दोघांनी मिळून त्यावर पूर्ण भार द्यावा, हळूहळू झोकेही घ्यावेत, आणि तिसऱ्याने बाजूला उभे राहून फांदी वाकते का, करकरते का हे पाहावे. ही चाचणी चढण्याच्या दोरावरच करायची. थ्रो-लाइन माणसाच्या भारासाठी बनलेली नसते, तिला क्षणभरही लटकू नये.