नोकरी जाईल या भीतीसोबत तुम्ही दिवस कसे काढता? (अनुभव धागा)

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हापासून आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्येही हाच विषय. माझी कंपनी वेगळी, पण वारं तेच. नोकरी गेल्यावर काय करावं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला त्याच्या आधीचं विचारायचंय. नोकरी आहे, पगार वेळेवर जमा होतोय आणि तरी रोज सकाळी पोटात गोळा येतोय, तेव्हा तुम्ही काय करता? 'सकारात्मक राहा, प्राणायाम करा' एवढंच लिहिणार असाल तर राहू द्या. प्राणायामाशी माझं वैर नाही, पण अनुलोम-विलोम करतानाही मी घराचा हप्ताच मोजत असतो.

सुरुवात माझ्यापासून. वय ४६, हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर. प्रोजेक्ट संपून बेंचवर आलोय. एचआरकडून पंधरा मिनिटांचं, विषय न लिहिलेलं मीटिंगचं निमंत्रण आलं की काय ते समजायचं, असं आमच्याकडे म्हणतात. मला आलं. दुपारी तीनचं होतं. तीन वाजेपर्यंत मी मनातल्या मनात गाडी विकली, मुलीची शाळा बदलली, गावच्या घराचे पत्रेसुद्धा बदलून घेतले. मीटिंगमध्ये कळलं की विम्याच्या फॉर्मवर वडिलांची जन्मतारीख राहिली होती.

त्या रात्री बायकोने वही काढली. हप्ता, फी, किराणा, आईची औषधं मांडून पगाराशिवाय किती महिने निघतील ते पाहिलं. आकडा फार सुखाचा नव्हता, पण मी धरून चाललो होतो त्याहून बरा निघाला. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो म्हणून घरच्यांचा वेगळाही काढला. रात्री तीनला अजून जाग येते. फक्त हिशेब नव्याने मांडत बसत नाही, तो कागद फ्रिजवर लावलाय.

चाकणकर

काम नसताना पगार देतात त्याला बेंच म्हणतात होय! आमच्याकडे बेंच फक्त कँटीनमध्ये.

मी गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. सहा-सात महिने झाले की ब्रेक. वर्षात २४० दिवस भरले तर कायदा सलग नोकरी धरतो आणि मग कमी करताना नोटीस, भरपाई असलं सगळं मागे लागतं. म्हणून तेवढे दिवस भरूच देत नाहीत. ब्रेक कधी ते कोणी सांगत नाही. सकाळी गेटवर अंगठा लावायचा. मशीन टुक करून हिरवं झालं तर आत. लाल झालं तर सिक्युरिटीवाला तोंडाकडे बघतसुद्धा नाही, "कॉन्ट्रॅक्टरला फोन लाव" एवढंच. मागे लाइन असते, त्याच बसमधनं उतरलेली सगळी ओळखीची पोरं. बाजूला व्हायचं आणि भरलेला डबा तसाच घेऊन रूमवर यायचं. मी तर आधी अंगठा पँटला पुसतो. घाम असला तरी कधी कधी लाल होतं ना, तेवढीच आशा.

रूमवर आम्ही पाच जण. प्रत्येकाचा ब्रेक वेगळ्या महिन्यात पडतो, म्हणून ठरवून टाकलंय की ज्याचा ब्रेक त्याने भाडं द्यायचं नाही, भाजी-भाकरी तेवढी बघायची. भीती वाटते, पण रस्त्यावर येणार नाही हे माहीत असतं. घरी मात्र कोणी सांगत नाही.

ज्यांच्या पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे कापतात त्यांनी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेची चौकशी करा. नोकरी गेली तर सरासरी रोजाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदाच. अटी आहेत, ऑफिसात विचारून घ्या. आमच्या लाइनवर निम्म्या पोरांना हे माहीतच नव्हतं.

खडूफळा

मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर प्राध्यापक. प्राध्यापकांची पात्रता परीक्षा सेट झालीय, पीएचडी झालीय. तरी दर वर्षी नव्याने मुलाखत. समोर तेच तीन सर. "स्वतःविषयी सांगा." अहो सर, तुमच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका मीच वाटल्या की हो!

'नोकरी जाईल का' हा प्रश्न आम्हाला नाही, ती दर उन्हाळ्यात जातेच. प्रश्न असतो कार्यभाराचा. इतिहास घेणारी मुलं कमी झाली की तास कमी, तास कमी झाले की मी नको. त्यामुळे जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीपाशी मी उगीच घुटमळत असतो. एखादा मुलगा भूगोलाकडे वळताना दिसला की जीव वरखाली होतो. माझी वहिनी अनुदानित शाळेत आहे. तिथे पट घसरला आणि संचमान्यतेत, म्हणजे सरकारच्या पदमंजुरीत, पद उडालं तर शिक्षक अतिरिक्त ठरतो, पण निदान दुसऱ्या शाळेत समायोजन तरी होतं. आमचं काय व्हायचं?

आता रविवारी स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतो. पैसे कॉलेजपेक्षा बरे मिळतात. खरं तर मग कॉलेजची एवढी धास्ती कशाला? पण गावात "आमचा जावई कॉलेजात" असं सांगतात, क्लासचं कोणी नाव काढत नाही. पैशाची भीती त्या क्लासने घालवली, ही दुसरी तशीच आहे.

आबोली

न्यू जर्सीहून. नवरा एच-१बी या कामाच्या व्हिसावर. इथे नोकरी गेली की साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीने याचिका दाखल करायची, नाहीतर आपण दुसऱ्या व्हिसासाठी अर्ज करायचा किंवा बॅगा भरायच्या. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची वर्षानुवर्षं जातात. मुलगा इथेच जन्मलाय, त्याला यातलं काही माहीत नाही. सोफा घेतानाही आमचा पहिला प्रश्न असतो, हा पटकन विकला जाईल ना?

नवरा कामावरून आला की मी आधी त्याचा चेहरा वाचायचे. तो एकदा चिडला, "अगं, ट्रॅफिक होता फक्त!" तेव्हापासून नियम केलाय की ऑफिसचं काही असेल तर तो जेवायच्या आधी सांगणार, नसेल तर मी विचारणार नाही. बऱ्यापैकी पाळतो.

दुसरं म्हणजे मागच्या भारतभेटीत पुण्यात शाळा बघून आलो, भाडी विचारली. सासूबाईंना वाटलं आम्ही परतच येतोय. त्यांनी माळ्यावरची भांडी काढून घासायला टाकली! इथल्या वकिलालाही आधीच विचारून ठेवलंय आणि मंजूर झालेल्या आय-१४० ची, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेल्या याचिकेची प्रत घरी ठेवलीय.

डिचोलीकर

मी जरा उलटं बोलतो. आमच्याकडे भीती कमी पडली.

वडील खाणीवर मशीन ऑपरेटर. सप्टेंबर २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. मांडवीतल्या खनिज वाहणाऱ्या बार्जी उभ्या, वाड्यावर टिपर (खनिजाचे ट्रक) उभे, बँकेचे हप्ते चालू. काही वर्षांनी थोडं काम सुरू झालं आणि लोक म्हणाले, संपलं एकदाचं. काकाने पुन्हा कर्ज काढून टिपर घेतला. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि १५ मार्चनंतर पुन्हा सगळं ठप्प. वडिलांनी मात्र पहिल्या बंदच्या वेळीच धसका घेतला होता. घरचे त्यांना भित्रे म्हणायचे. त्यांनी मला खाणीवर पाठवलं नाही, फार्मसीला घातलं. आज मी वेर्ण्याला औषध कंपनीत आहे. अमेरिकेच्या एफडीएचे, म्हणजे तिथल्या औषध खात्याचे इन्स्पेक्टर येणार म्हटलं की माझीही झोप उडते. पण तेवढी उडू देतो.

अनामिक

रोज निघायच्या आधी उलटी व्हायची. ॲसिडिटी समजून गोळ्या खाल्ल्या. शेवटी १४४१६ ला, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. त्यांनी डॉक्टरकडे जायला सांगितलं. आता औषध चालू आहे, नोकरीही चालू आहे. फार लिहीत नाही.

रातराणी

मी एचआरमध्ये आहे. शिव्या घालायच्या असतील तर आधी घालून घ्या.

कपातीची यादी मेलवर येते तेव्हा मी पहिल्यांदा त्यात माझं आडनाव शोधते. मग बाकीची नावं वाचते. एकदा डब्याला सोबत बसणारी मैत्रीण त्यात होती आणि मला आठवडाभर तिच्यासमोर बसून जेवायचं होतं. म्हणून धागाकर्त्यांना सांगते, मीटिंगच्या निमंत्रणावरून आमच्या पोटातलं ओळखायला जाऊ नका. कधी कधी आम्हालाही आदल्या संध्याकाळीच कळतं.

भीती वाटतेच आहे तर हे करून ठेवा. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, नियुक्तीपत्र आजच घरच्या मेलवर घ्या, त्या दिवशी लॉगिन तासाभरात बंद होतं. आपण कायद्याच्या व्याख्येत कामगार बसतो का ते पाहा. बसत असाल तर वर्षभराच्या सलग सेवेनंतर कपात करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळायला हवा. मॅनेजर मंडळींना बहुधा नियुक्तीपत्रात लिहिलंय तेवढंच. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी राजीनामा दिला तरी मिळते, कपातीची भरपाई मात्र राजीनाम्यावर मिळत नाही. त्यामुळे "आत्ताच सही करा" म्हटलं तर करू नका. "मेलवर पाठवा, घरी वाचून सांगतो" म्हणा. असं म्हणणाऱ्याला मी आजवर अडवलेलं नाही, आणि म्हणणारे फार थोडे असतात.