स्टॉकहोमला ३ रात्री, सोबत आई : बूट कोणते घ्यावेत? (तातडीने मदत हवी आहे)

रानजाई
नमस्कार मंडळी. स्टॉकहोमला ३ रात्री जातोय. विमान, हॉटेल सगळं झालंय, पैसे परत मिळणार नाहीत, तेव्हा "त्यापेक्षा अमुक ठिकाणी जा" हे कृपया नको. प्रश्न दोनच. आईसाठी बूट कोणते? तिचे गुडघे दुखतात आणि बर्फ बघायची भारी हौस आहे. दुसरं, वासा म्युझियम आणि स्कान्सेन हे खुलं संग्रहालय एका दिवसात होईल का? लवकर सांगा, बुटांचा सेल आज रात्री संपतोय.

निवांत_पाटील
कधी जाताय? कुठून? आईंचं वय?

गच्चीवरचा_कावळा
दुसरीकडे जा म्हणत नाही, पण कोपनहेगन बघितलं असतं तर! विमानतळावरून मेट्रोने १५ मिनिटांत गावात. तिवोलीची रोषणाई बघून आमच्या हिने तर...

रानजाई
कावळा, वर काय लिहिलंय? पाटील, नाताळच्या सुट्टीत, अजून कधी जाणार! आई ६८.

सह्याद्रीचा_वाघ
डोळे झाकून ट्रेकिंगचे बूट घ्या, घोट्यापर्यंत. आत लोकरीचे मोजे, दोन जोड. लडाखला जानेवारीत हेच वापरले.

माईंची_लेक
दोन जोड मुळीच नको हो! बूट घट्ट होतो, बोटं हलत नाहीत, पाय उलट गार पडतात. एकच जोड, जाड, आणि बूट एक नंबर मोठा.

सह्याद्रीचा_वाघ
ताई, लडाखला उणे २० होतं.

माईंची_लेक
काकू लडाखला चालल्या आहेत का?

उत्तरेचा_वारा
स्टॉकहोममध्ये ११ वर्षं राहतोय. बुटांचं नंतर, आधी नेमक्या तारखा सांगा. इथे खरा सण २५ ला नाही, २४ ला असतो.

रानजाई
२३ ला रात्री पोचतो, २६ ला रात्रीचं विमान. तारखांनी काय फरक पडतो?

उत्तरेचा_वारा
बराच पडतो. वासा २४ आणि २५ दोन्ही दिवस बंद. २४ ला दुकानं दुपारपर्यंत आवरतात, आणि ३ वाजता निम्मा देश टीव्हीसमोर डोनाल्ड डक बघायला बसतो. खरंच! रस्त्यावर चिटपाखरू नसतं. त्यात सूर्य पावणेनऊला उगवून तीनच्या आत मावळतो.

म्हणून वासा २६ ला सकाळी १० ला उघडताच गाठा. १६२८ साली पहिल्याच सफरीत, बंदरातून दीडेक किलोमीटरही न जाता बुडालेलं जहाज, ३३३ वर्षांनी १९६१ मध्ये वर काढलं. आत ऊब आहे, लिफ्ट आहे, आईंना निवांत दोन-तीन तास जातील. स्कान्सेन त्याच दिवशी नको. ते उघड्यावर आहे, टेकडीवर आहे, आणि तुम्ही वर पोचेपर्यंत अंधार पडायला लागेल.

२४-२५ ला मेट्रोची स्टेशनं बघा. चेष्टा नाही करत. टी-सेंट्रालेनच्या निळ्या वेली, सोल्ना सेंट्रुमचं लालभडक छत, कुंग्सट्रेडगोर्डेनची गुहा. एकाच तिकिटावर ७५ मिनिटं फिरता येतं आणि थंडी वाजत नाही. जुन्या गावात, गामला स्तानला, जरूर जा, पण तिथे दगडी फरसबंदी आहे, गुडघ्यांना जपून.

आता बूट. बर्फ पडेलच याची खात्री नाही, कित्येक नाताळांना इथे नुसता पाऊस असतो. खरी भीती वितळून रात्रीत पुन्हा गोठलेल्या काचेसारख्या थराची. त्याला बूट कितीही भारी असला तरी उपयोग नाही. बुटाच्या तळाला रबराने अडकवायचे खिळे मिळतात, इथे त्यांना ब्रोडार म्हणतात. २३ ला पोचायला उशीर होतोय म्हणून निघण्याआधीच मागवा. दुकानात शिरताना मात्र काढायचे, गुळगुळीत फरशीवर तेच घसरतात.

चिंतातुर_जंतू
आईंचा व्हिसा झाला का?

सह्याद्रीचा_वाघ
खिळ्यांनी चांगल्या बुटाचा तळ खराब होतो.

रानजाई
वारा, मनापासून आभार! जंतू, तो प्रश्नच नाहीये. आईकडे यूकेचा दोन वर्षांचा व्हिसा आहे. १२ डिसेंबरला ती साताऱ्याहून आमच्याकडे लंडनला येतेय, तिथून सगळे मिळून जाणार.

चिंतातुर_जंतू
मग तोच प्रश्न आहे! यूकेच्या व्हिसावर स्वीडनमध्ये जाता येत नाही. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक व्हिसा, वेगळा लागतो. विमानात बसूच देणार नाहीत.

गच्चीवरचा_कावळा
कोपनहेगनलाही शेंगेनच लागतो, सांगून ठेवतो.

रानजाई
काय सांगताय!! आमचे दोघांचे ब्रिटिश पासपोर्ट, आम्ही नुसतं तिकीट काढून जातो. डोक्यातच आलं नाही.

चिंतातुर_जंतू
लंडनला आल्यावर करू म्हणू नका. अर्ज सहसा राहत्या देशातूनच घेतात. आई अजून साताऱ्यात आहेत हे नशीब. आजच मुंबईची वेळ घ्या. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंतही जाऊ शकतात. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागेल. पासपोर्ट तेवढे दिवस त्यांच्याकडे राहतो, तेव्हा १२ तारखेचं विमानही डोळ्यांसमोर ठेवा. आज २ नोव्हेंबर, म्हणजे जमेल, पण जेमतेम.

खवय्या_नंबर_एक
केशर घातलेले लुस्सेकाट बन सोडू नका. ग्लॉग मात्र आईंना देताना विचारून द्या, त्यात वाइन असते.

निवांत_पाटील
म्हणूनच पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं, कुठून जाताय.

रानजाई
पाटील, चुकलं. भावाला फोन केला. मंगळवारची वेळ मिळाली आहे, तो आईला घेऊन मुंबईला जातोय. ती म्हणते व्हिसाचं तुम्ही बघा, माझ्या बुटांचं काय झालं. सेलला अजून दीड तास आहे. एक जोड मोजे की दोन, एकदा ठरवा.

माईंची_लेक
एक.

सह्याद्रीचा_वाघ
दोन.

निवांत_पाटील
आईंच्या बुटाचा नंबर काय?