ओरिओल्सची भरलेली फार्म: चूक ड्राफ्टची, की साठवून ठेवण्याची?

चेसापीककर

बॉल्टिमोर ओरिओल्स ह्या अमेरिकी बेसबॉल टीमबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी देतो.

२०१८ मध्ये ही टीम १६२ पैकी ११५ सामने हरली. त्याच नोव्हेंबरात ह्यूस्टन अॅस्ट्रोजमधून माइक इलायस इथे जनरल मॅनेजर (खेळाडू निवडणारे, टीम बांधणारे प्रमुख) म्हणून आले आणि सगळं खालपासून नव्याने उभारायचं ठरलं. अमेरिकेत शाळा-कॉलेजातले खेळाडू दरवर्षी ड्राफ्टमध्ये निवडले जातात. तेव्हाच्या नियमानुसार जो सर्वांत खाली, त्याला पहिली निवड. निवडलेला पोरगा लगेच मोठ्या मैदानावर येत नाही. डेलमार्वा, बोवी, नॉरफोक अशा मायनर लीगच्या पायऱ्या चढत तो वर येतो. ह्या पायऱ्यांवर जे घडत असतं, ती टीमची 'फार्म'.

ओरिओल्स २०१९ मध्ये १०८ आणि २०२१ मध्ये ११० सामने हरले. त्या बदल्यात काय मिळालं? २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर कॅचर अॅडली रचमन, त्याच ड्राफ्टमध्ये ४२व्या क्रमांकावर गनर हेंडरसन, २०२० मध्ये हेस्टन कर्स्टाड आणि जॉर्डन वेस्टबर्ग, २०२१ मध्ये कोल्टन काउझर, २०२२ मध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर जॅक्सन हॉलिडे. निवड म्हणून ही यादी उत्तम आहे, यात मला शंका नाही. २०२३ मध्ये १०१ विजय मिळाले, हेंडरसन रुकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला.

आणि मग? २०२३च्या प्लेऑफमध्ये टेक्सास रेंजर्सकडून सलग तीन पराभव. २०२५ मध्ये ७५ विजय, विभागात तळाला, मे महिन्यातच मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) ब्रँडन हाइड यांची हकालपट्टी.

माझं म्हणणं असं: निवड चुकली नाही, निवडलेलं वेळेवर वापरलं नाही. आंबे आढीत घालून ठेवले आणि आढी उघडायचा दिवस पुढे ढकलत राहिले. २०२३च्या जुलैअखेरीस, ट्रेडची (टीम-टीममधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची) मुदत संपायच्या आत, रेंजर्सनी मॅक्स शर्झर आणि जॉर्डन मॉन्टगोमेरी असे दोन अनुभवी पिचर (चेंडू टाकणारे) आणले. शर्झरसाठी त्यांनी लुइसआंखेल अकुन्यासारखा होतकरू खेळाडू मेट्सला देऊन टाकला. देशातली सर्वांत श्रीमंत फार्म हातात असताना ओरिओल्सनी आणला पिचर जॅक फ्लॅहर्टी. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या सामन्यात नवखा ग्रेसन रॉड्रिग्ज दोन इनिंग्जही टिकला नाही. रेंजर्स पुढे वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकले.

---

सायली_बी

असहमत. तुम्ही २०२३वर थांबलात, २०२४ सोडून दिलंत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ह्याच इलायस यांनी जोई ऑर्टिझ, डी. एल. हॉल आणि ड्राफ्टमधली ३४वी निवड मिलवॉकीला देऊन कॉर्बिन बर्न्स आणला. साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार जिंकलेला पिचर. प्लेऑफच्या पहिल्या सामन्यात कॅन्सस सिटीविरुद्ध बर्न्सने आठ इनिंग्जमध्ये एक रन दिला, आणि आपण ०-१ने हरलो. दुसरा सामना १-२. दोन सामन्यांत मिळून एक रन! पिचरने आणखी काय करायचं होतं? तिथे हरले ते बॅटर, म्हणजे तुम्ही ज्यांच्या निवडीला उत्तम म्हणताय तेच.

आणि बर्न्स एक वर्ष खेळून अॅरिझोनाला गेला, सहा वर्षांच्या २१ कोटी डॉलरच्या करारावर. ऑर्टिझ मिलवॉकीत रोज खेळू लागला. हे तुमच्या आढी उघडण्याचं फळ.

---

विदर्भ_एक्सप्रेस

मी ह्या खेळात नवा आहे, पण एक प्रश्न. आयपीएलमध्ये लिलावात पैसे मोजले की खेळाडू पुढच्याच हंगामात मैदानात. इथे चार-चार वर्षं वाट बघायची, तर त्यासाठी मुद्दाम हरणं हे प्रेक्षकांना कसं चालतं? तिकीट तर पूर्ण पैशांचंच ना?

---

चेसापीककर

@विदर्भ_एक्सप्रेस, चालत नाही, म्हणूनच नियम बदलला. २०२३च्या ड्राफ्टपासून पहिल्या सहा निवडींची लॉटरी निघते. तळाच्या तीन टीमना पहिल्या निवडीची प्रत्येकी १६.५ टक्के संधी, बस. सलग वर्षं लॉटरीत बसण्यावरही बंधन आहे. शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले आणि २०२५च्या ड्राफ्टमध्ये त्यांना दहावी निवड मिळाली. ओरिओल्सचा मार्ग आज जसाच्या तसा कुणाला वापरता येणार नाही.

@सायली_बी, बर्न्सचा मुद्दा मान्य, त्या दिवशी तो अप्रतिम होता. पण एका पिचरवर पिचिंगचा स्टाफ होत नाही. त्या वर्षी ब्रॅडिश, मीन्स, वेल्स, ह्या आपल्या तिन्ही पिचरांची कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मागे उभं करायला कुणी नव्हतं. आता हे बघा: इलायस आल्यापासून २०२५पर्यंत ओरिओल्सनी पहिल्या फेरीत एकही पिचर निवडलेला नाही. एकही नाही. ब्रॅडफील्ड, हनीकट, आयरिश, सगळे बॅटर. ग्रेसन रॉड्रिग्ज २०१८चा, हॉल २०१७चा, दोघेही आधीच्या व्यवस्थापनाने निवडलेले. ब्रॅडिश एंजल्सकडून ट्रेडमध्ये आला. म्हणजे फार्ममध्ये पिचर लावायचेच नाहीत असं ठरवलं होतं. ठीक आहे, पण मग ते बाहेरून घ्यावे लागणार हे पहिल्या दिवसापासून उघड होतं.

---

नानाकाका

चेसापीककरांशी सहमत, आणि त्यांना बळकटी द्यायला इलायस यांच्या जुन्या टीमचंच उदाहरण देतो.

अॅस्ट्रोज २०११ ते २०१३ सलग तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरले. त्यातून कार्लोस कोरेया मिळाला. २०१३ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला मार्क अपेल त्यांच्याकडून मोठ्या लीगमध्ये एकदाही खेळला नाही. २०१४चा ब्रेडी एकन करारच न करता गेला, त्याची भरपाई म्हणून मिळालेल्या निवडीतून २०१५ मध्ये अॅलेक्स ब्रेगमन आला. म्हणजे पहिल्या निवडीतही इतकी अनिश्चितता. पण २०१७च्या ऑगस्ट अखेरीस, मुदत संपायला काही मिनिटं असताना, त्यांनी तीन तरुण खेळाडू देऊन जस्टिन व्हरलँडर आणला आणि वर्ल्ड सिरीज जिंकली. (त्या वर्षीचा प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरण्याचा डाग मी विसरलेलो नाही, पण तो वेगळा विषय.) इलायस तेव्हा त्याच ऑफिसात होते. ती योजना इथे आणताना त्यांनी शेवटचं पान आणलं नाही.

---

सायली_बी

नानाकाका, व्हरलँडर सगळ्यांना आठवतो कारण तो चालला.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये कॉनर नॉर्बी आणि काइल स्टॉवर्स देऊन मायामीहून ट्रेव्हर रॉजर्स आणला. आल्या आल्या इतका ढेपाळला की नॉरफोकला पाठवावा लागला. सगळे इलायस यांच्या नावाने खडे फोडत होते. २०२५ मध्ये स्टॉवर्स ऑलस्टार झाला (हंगामातल्या निवडक उत्तम खेळाडूंत आला), लोक आणखी चिडले. आणि त्याच वर्षी रॉजर्सने १८ सामन्यांत १.८१चा ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले सरासरी रन, कमी तितके चांगले) दिला. हा ट्रेड चांगला की वाईट? मी आजही ठरवू शकत नाही. असं असताना '२०२३ मध्ये दोन-तीन पोरं देऊन टाकायला हवी होती' हे इतक्या खात्रीने कसं म्हणता? ती दोन-तीन पोरं कोण असती? तेव्हा बाहेरच्या टीम हॉलिडेच मागत असणार, आणि तो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

यांकीज, रेड सॉक्स, ब्लू जेज ज्या विभागात आहेत तिथे पगाराच्या पैशाने आपण जिंकू शकत नाही. ड्राफ्ट झालेला खेळाडू मोठ्या लीगची सहा वर्षं होईपर्यंत फ्री एजंट (हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा) होत नाही. तेवढाच काळ आपल्यासारख्यांना बरोबरीने लढता येतं, आणि तो काळ मी एका ऑक्टोबरसाठी विकणार नाही.

---

रातराणी

मी मेरीलँडमध्ये फ्रेडरिकला राहते. २०२१ मध्ये मेजर लीगने मायनर्सच्या टीम १६०वरून १२०वर आणल्या, तेव्हा आमच्या गावची कीज टीमही ओरिओल्सच्या साखळीतून वगळली गेली. त्यामुळे हा धागा मी जरा वेगळ्या नजरेने वाचतेय.

इथे सगळे 'दोन पोरं द्या, एक पिचर घ्या' असं लिहिताय. ती पोरं कशी जगतात तेही लिहा. २०२३च्या मार्चमध्ये मायनर लीग खेळाडूंच्या युनियनचा पहिला करार होईपर्यंत सर्वांत खालच्या पायरीवर वर्षाला जेमतेम ४,८०० डॉलर मिळायचे. करारानंतर १९,८०० झाले. ट्रिपल-ए, म्हणजे नॉरफोकच्या पातळीवर, किमान ३५,८००. रचमनला ८१ लाख डॉलर बोनस मिळाला, पण विसाव्या फेरीतल्या मुलाचं काय?

आणि कर्स्टाड! २०२० मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला, ठरलेल्या रकमेपेक्षा बरंच कमी, ५२ लाखांत, म्हणजे वाचलेल्या पैशातून चौथ्या फेरीत कोबी मेयोला घेता यावं. मग हृदयाच्या स्नायूला सूज आली आणि २०२२च्या जूनपर्यंत तो एकही सामना खेळला नाही. परत आला, तर २०२४ मध्ये डोक्याला चेंडू लागला. २०२५ मध्ये पुन्हा नॉरफोक. तो फसला असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

---

चेसापीककर

रातराणी, तुमचा राग रास्त आहे. पण खेळाडूच्या बाजूनेच बघायचं तर साठवून ठेवणं हे ट्रेडपेक्षा वाईट. स्टॉवर्स चोवीस-पंचविसाव्या वर्षी नॉरफोक-बॉल्टिमोर फेऱ्या मारत होता, कारण वर जागाच नव्हती. मायामीने त्याला रोज खेळवलं आणि वर्षभरात तो ऑलस्टार झाला. ज्याला आपल्याकडे मैदान नाही, त्याला जिथे मैदान आहे तिथे जाऊ द्यावं.

सायली, सहा वर्षांचा हिशेब तर माझ्या बाजूने आहे. रचमनचा करार २०२७ नंतर मोकळा, हेंडरसनचा २०२८ नंतर. २०२३ आणि २०२४ ही दोघांची स्वस्तातली वर्षं निघून गेली, आणि २०१४पासूनचे प्लेऑफमधले सलग दहा पराभव तसेच आहेत.

---

नानाकाका

ताजी भर घालतो. २०२५च्या डिसेंबरात इलायस यांनी पाच वर्षांच्या साडेपंधरा कोटींच्या करारावर पीट अलॉन्सोला घेतलं. आणि शेन बाझ हा पिचर टॅम्पाकडून घेताना दिलं काय? त्याच वर्षी जुलैमध्ये ड्राफ्ट केलेले केडन बोडाइन आणि स्लेटर डी ब्रून, आणखी दोन तरुण, वर एक ड्राफ्टची निवड. पाच महिन्यांपूर्वी निवडलेली पोरं!

---

सायली_बी

हो, आणि बाझचा २०२५चा ईआरए ४.८७ आहे. त्याआधी नोव्हेंबरात ग्रेसन रॉड्रिग्ज एंजल्सला देऊन टेलर वॉर्ड घेतला, एका वर्षासाठी. पिचर नाहीत म्हणून ओरडायचं आणि स्वतःचा पिचर द्यायचा. चेसापीककर, तुम्ही म्हणता तसं सगळं आता होतंय. बाझसाठी चार मुलं जास्त झाली की नाही, एवढं सांगा.

---

चेसापीककर

जास्त झाली. २०२३ मध्ये जो हात आखडला, तो आता घाईने उघडलाय. तरी मी हा ट्रेड केला असता, कारण रचमनची तेव्हा दोनच वर्षं उरली होती आणि बोडाइनही कॅचरच आहे, बासालो ह्या आपल्या तरुण कॅचरच्या मागे त्याला जागा कधी मिळाली असती? रॉड्रिग्जच्या बाबतीत मात्र तुमच्याशी पूर्ण सहमत. २०२५ मध्ये तो दुखापतीने एकही सामना खेळला नाही हे खरं, पण चार वर्षं हातात असलेला पिचर एका वर्षाच्या बॅटरसाठी मी दिला नसता.