मदत हवी आहे : गणिताची चाचणी बारा दिवसांवर आली आहे आणि मुलीला काहीच जमत नाही

पारिजात_९ :
नमस्कार. माझ्या मुलीची गणिताची चाचणी बारा दिवसांवर आली आहे. मागच्या चाचणीत तिला २० पैकी ७ गुण मिळाले. घरी तोंडी विचारले तर पटापट सांगते, पण पेपर हातात आला की सगळे चुकते. रोज संध्याकाळी दोन तास मी तिच्याजवळ बसते, पंचवीस-तीस गणिते सोडवून घेते, तरी फरक पडत नाही, आणि शेवट तिच्या रडण्यात व माझ्या ओरडण्यात होतो. या दिवसांत नेमके काय करून घ्यावे, तेवढे कृपया लवकर सांगा.

वाटसरू :
इयत्ता कोणती, माध्यम कोणते आणि चुकते ते काय? बेरीज, वजाबाकी, की शाब्दिक उदाहरणे? एवढे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

गोदातीर :
पाढे कच्चे असणार, दुसरे काही नाही. आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे म्हटल्याशिवाय पानावर बसू देत नसत आणि त्या पाठांतराच्या बळावर मी आयुष्यभर हिशेब केले. रोज सकाळी दोन ते वीस पाढे मोठ्याने म्हणून घ्या.

रानवाट :
पाठांतराने मुले फक्त घाबरतात. माझ्या मुलाला आम्ही दोन वर्षे अबॅकसच्या, म्हणजे मण्यांच्या पाटीवर आकडेमोड शिकवणाऱ्या, वर्गाला पाठवले. आता तो तीन अंकी बेरजा बोटे हवेत हलवून करतो. तुम्हीही विचार करावा.

गोदातीर :
बारा दिवसांत अबॅकस कोण शिकणार? शिवाय त्याने आकडेमोडीचा वेग वाढतो, पण उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी, हे मणी सांगत नाहीत.

ध्येयवेडा :
पुढे शिष्यवृत्ती परीक्षा द्यायची असल्यास तयारी आतापासून करावी. पहिल्या पेपरात प्रथम भाषा आणि गणित मिळून ७५ प्रश्न असतात, त्यांतले गणिताचे ५०, आणि वेळ दीडच तास असतो. पर्यायांच्या प्रश्नांचा सराव लवकर सुरू केलेला बरा.

निवृत्त_गुरुजी :
ताई, मी चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. नवी गणिते दोन दिवस थांबवा आणि मागची उत्तरपत्रिका समोर घेऊन चुकलेली उदाहरणे मुलीने लिहिली तशीच, तिच्या उत्तरांसह, इथे उतरवा. मूल चुकते तेव्हा बहुधा कुठला तरी नियम पाळूनच चुकते, आणि तो नियम त्या चुकीतच सापडतो.

पारिजात_९ :
इयत्ता तिसरी, माध्यम मराठी. दुसरीपर्यंत ती इंग्रजी शाळेत होती, यंदाच इकडे घातले आहे. हे आधी लिहिले नाही, कारण त्याचा गणिताशी संबंध असेल असे वाटले नाही.
चुका अशा आहेत. बाईंनी सांगितलेल्या संख्या अंकांत लिहायच्या होत्या, त्यात एकोणसत्तर ऐवजी ७९ आणि त्रेसष्ट ऐवजी ५३. वजाबाकीत ५०३ − २६७ = ३६४. आणि ‘मीनाकडे ४५ बोरे आहेत, ती राजूपेक्षा १२ ने जास्त आहेत, तर राजूकडे किती?’ याचे उत्तर ५७.

निवृत्त_गुरुजी :
घरी तोंडी विचारता तेव्हा आकडे कोणत्या भाषेत सांगता?

पारिजात_९ :
इंग्रजीतच. आमच्या घरात सवयच तशी आहे.

निवृत्त_गुरुजी :
मग पहिली चूक गणिताची नव्हेच. ‘एकोण’ म्हणजे एकाने उणे, हे तिला कोणी सांगितले नसावे. सत्तर ऐकून ती सातावर नऊ ठेवते. एकोणीस ते एकोणनव्वद एका ओळीत लिहून प्रत्येकापुढे ‘विसाला एक कमी’, ‘तिसाला एक कमी’ असे तिच्याकडूनच म्हणवून घ्या. नव्याण्णव मात्र वेगळे आहे, ते आधीच सांगून ठेवा.
वजाबाकीत ती प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करते : पाचातून दोन, सहातून शून्य, सातातून तीन. त्यासाठी खेळण्यातल्या नोटा घ्या. तिच्याकडे शंभराच्या पाच नोटा आणि तीन सुटे रुपये द्या आणि दुकानदार होऊन २६७ रुपये मागा.

सीमेवरचा :
मी बेळगावचा. कन्नडमध्ये एकवीसला ‘इप्पत्तोंदु’, म्हणजे वीस-एक, असेच म्हणतात. आमच्या घरी मुलांचा मराठी आकड्यांत जेवढा गोंधळ होतो, तेवढा कन्नडमध्ये होत नाही.

वाटसरू :
२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे वाचन आले, तेव्हा केवढा वाद झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी मुलांची अडचण पुन्हा पुन्हा समजावून सांगितली होती.

गोदातीर :
बावीस, त्रेचाळीस हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुलांना येत आले आहेत. अवघड वाटते म्हणून भाषा मोडायची नसते.

निवृत्त_गुरुजी :
चाचणीत बाई ‘एकोणसत्तर’च म्हणणार आहेत, तेव्हा या मुलीला तोच शब्द यायला हवा. बाकीची चर्चा वेगळ्या धाग्यावर करू या.

पारिजात_९ :
चार दिवसांनी लिहीत आहे. मी २६७ मागितले, तेव्हा तिने पाचही नोटा पुढे केल्या, मग मागे घेतल्या आणि म्हणाली, ‘आई, माझ्याकडे सुटे नाहीत. हे शंभर मोडून दे.’ तिला दहाच्या दहा नोटा दिल्या, त्यांतली एक तिने पुन्हा मोडून घेतली. हातात चार शंभर, नऊ दहा आणि तेरा रुपये आले आणि देऊन उरले २३६. आता वहीतही ती ५०३ च्या डोक्यावर ४, ९, १३ असे लिहिते. ‘एकोण’ अजून अडखळतच येते, पण आता मीही घरात आकडे मराठीतून बोलू लागले आहे.
बोरांचे उदाहरण मात्र तसेच अडले आहे. ‘जास्त’ शब्द दिसला की ती बेरीज करते.

निवृत्त_गुरुजी :
आता उत्तर विचारूच नका. वाक्य वाचून झाल्यावर ‘कोणाकडे जास्त बोरे आहेत?’ एवढेच विचारा. मीनाची लांब पट्टी आणि खाली राजूची आखूड पट्टी तिला काढू द्या, वाढीव तुकड्यावर १२ लिहू द्या. चाचणीतही कच्च्या कामाच्या जागेत पट्ट्या काढायची मुभा आहे का, ते बाईंना आधी विचारून घ्या. आणि दोन तास बसवू नका, वीस मिनिटे पुरे.