शब्दचर्चा : ‘डिप्लॉय’ आणि ‘डिस्ट्रॉय’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी मराठी कार्यपुस्तिका तयार होते आहे. यंत्रणा मिश्र आहे : काही केव्हीएमवर (लिनक्समधली व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय), काही व्हीस्फिअरवर (व्हीएमवेअरची तशीच यंत्रणा), उरलेलं एडब्ल्यूएस आणि अझुर या क्लाउडवर. हे सगळं टेराफॉर्म (फाइलीत लिहिल्याप्रमाणे मशीन उभारणारं साधन) आणि ॲन्सिबलने (उभ्या मशीनवर सेटिंग लावणारं साधन) चालतं. मसुद्यात ‘डिप्लॉयमेंट’ला ‘तैनाती’ आणि ‘डिस्ट्रॉय’ला ‘नष्ट करणे’ घेतलं आहे. हे शब्द चालतील का? आणखी कोणते तपासून घ्यावेत?

प्रतिसाद १

‘तैनाती’ वाचली की मराठी माणसाला १८०२ चा वसईचा तह आणि दुसऱ्या बाजीरावाने पत्करलेली इंग्रजांची तैनाती फौज आठवते. ती आठवण सोडून देऊ, पण अर्थही पुरत नाही. तयार असलेलं कुणी नेमल्या जागी ठेवणं म्हणजे तैनाती. प्रोग्रामची नवी आवृत्ती सर्व्हरवर नेण्यापुरता तो शब्द एकवेळ चालेल. व्हीस्फिअरमधल्या ‘डिप्लॉय फ्रॉम टेम्प्लेट’मध्ये मात्र मशीनच नव्याने तयार होतं. अझुरमध्ये ‘डिप्लॉयमेंट’ म्हणजे रिसोर्स ग्रुपवर, म्हणजे साधनांच्या गटावर, टेम्प्लेट (हवी ती साधनं लिहिलेली फाइल) चालवण्याची एक खेप. ती ‘कम्प्लीट’ मोडमध्ये चालवली, तर टेम्प्लेटमध्ये नसलेली त्या ग्रुपमधली साधनं काढून टाकली जातात. आपोआप लागू होणारा मोड ‘इन्क्रिमेंटल’ आहे, म्हणून हे सहसा लक्षात येत नाही.

तेव्हा एका शब्दाऐवजी तीन घ्या. मशीन तयार होतं ती ‘उभारणी’, पहिल्या बूटला नाव-पत्ता-किल्ल्या बसतात ती ‘मांडणी’, आणि प्रोग्रामची आवृत्ती ‘चढवणे’. शेवटचा तर ऑफिसात रोज बोलला जातो : “बिल्ड चढवलं का?”

प्रतिसाद २

‘डिस्ट्रॉय’बद्दल मी अगदी ठाम आहे : ‘नष्ट करणे’ सरसकट लिहू नका, त्याने डेटा जाईल.

केव्हीएमची मशीन सांभाळणाऱ्या लिबव्हर्टच्या भाषेत व्हर्च्युअल मशीनला ‘डोमेन’ म्हणतात, आणि ‘व्हर्श डिस्ट्रॉय’ ही आज्ञा त्या डोमेनची वीज खेचते, एवढंच. डिस्क आणि व्याख्या दोन्ही शाबूत राहतात, ‘व्हर्श स्टार्ट’ केलं की मशीन परत चालू. व्याख्या काढणारी आज्ञा ‘अनडिफाइन’, आणि तिच्यातही स्टोरेज काढायचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. उलट ‘टेराफॉर्म डिस्ट्रॉय’ स्टेट फाइलमध्ये (टेराफॉर्मने उभारलेल्या गोष्टींची नोंदवही) नोंदलेली प्रत्येक गोष्ट पुसते, डिस्कसकट. केव्हीएमवर वर्षभर ‘डिस्ट्रॉय’ बिनधास्त मारणारा माणूस टेराफॉर्मपाशी आला की धोका तिथेच आहे. पहिल्याला ‘सक्तीने बंद करणे’, दुसऱ्याला ‘कायमचं काढून टाकणे’ म्हणा. डेटाबेसच्या मशीनवर टेराफॉर्मचं ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ हे काढण्यापासून रोखणारं सेटिंग लावून ठेवा.

‘टर्मिनेट’ची गतही तीच. एडब्ल्यूएसवर टर्मिनेट केलेलं मशीन परत येत नाही. मूळ डिस्कही सोबत जाते, नंतर जोडलेल्या डिस्क मात्र आपोआप जात नाहीत आणि त्यांचं बिल चालू राहतं. गूगल क्लाउडच्या एपीआयमध्ये ‘टर्मिनेटेड’ ही नुसती थांबलेल्या मशीनची स्थिती आहे, ते पुन्हा चालू करता येतं. अझुरमध्ये आतून शटडाउन केलं तरी सीपीयू-मेमरीचे पैसे लागतच राहतात, ते थांबवायला ‘डीअलोकेट’ करावं, म्हणजे मशीनला दिलेलं हार्डवेअर सोडून द्यावं लागतं.

म्हणून शब्दसूचीत प्रत्येक आज्ञेसमोर तीन रकाने ठेवावेत : मशीनचं काय होतं, डिस्कचं काय होतं, बिलाचं काय होतं. प्रतिशब्द त्यानंतर.

प्रतिसाद ३

तीन रकान्यांना अनुमोदन. टेराफॉर्ममधली एक जोडी मी घालतो : ‘प्रोव्हायडर’ आणि ‘प्रोव्हिजनर’. मराठी मसुद्यांत दोन्हीला ‘पुरवठादार’ लिहिलेलं दिसतं. प्रोव्हायडर म्हणजे त्या त्या प्लॅटफॉर्मच्या एपीआयशी बोलणारं प्लगइन. प्रोव्हिजनर म्हणजे मशीन उभं झाल्यावर चालवली जाणारी स्क्रिप्ट. ती सहसा उभारणीच्या वेळीच चालते, मधेच फसली तर टेराफॉर्म ते मशीन डागाळलेलं (‘टेंटेड’) धरतं आणि पुढच्या ‘अप्लाय’ला, म्हणजे बदल लागू करायच्या आज्ञेला, पाडून नव्याने बांधतं. मांडणीचं काम प्रोव्हिजनरवर न टाकता क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनमध्येच चालणारं साधन) आणि ॲन्सिबलकडे द्यावं. शब्दापुरतं, ‘प्रोव्हायडर’ तसाच ठेवा आणि ‘प्रोव्हिजनर’ला ‘उभारणीनंतरची स्क्रिप्ट’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. ‘तैनाती’ काढली. आता ‘इमेज’ आणि ‘टेम्प्लेट’चं सांगा. ‘प्रतिमा’ आणि ‘साचा’?

प्रतिसाद १

‘साचा’ फक्त व्हीस्फिअरपुरता बरोबर आहे. तिथे टेम्प्लेट म्हणजे गोठवलेलं खरंखुरं मशीन, डिस्कसकट. एडब्ल्यूएसचं ‘लाँच टेम्प्लेट’ म्हणजे नुसता सेटिंगचा संच, आणि क्लाउडफॉर्मेशनचं (एडब्ल्यूएसचं टेराफॉर्मसारखं साधन) टेम्प्लेट ही एक मजकुराची फाइल. ‘प्रतिमा’ वाचून लोक फोटो शोधतील. ‘इमेज’ रुळलेला आहे, राहू द्या.

प्रतिसाद ४

इमेजच्या (ज्या तयार डिस्कफाइलवरून मशीन उभारतात तिच्या) नोंदीत थोडं तांत्रिक लिहावंच लागेल, कारण ‘तीच इमेज सगळीकडे चालते’ हा समज त्या एका शब्दामुळेच होतो.

आधी फॉरमॅट. केव्हीएमची क्यूकाऊ२ या फॉरमॅटची डिस्कफाइल एडब्ल्यूएसची आयात घेत नाही, ती रॉ, व्हीएमडीके किंवा व्हीएचडी फॉरमॅटमध्ये बदलून द्यावी लागते. अझुरला ठरावीक आकाराची व्हीएचडीच हवी, व्हीएचडीएक्स नाही, आणि व्हर्च्युअल आकार १ एमबीच्या पूर्ण पटीत हवा.

मग ड्रायव्हर. रेड हॅट घराण्यातल्या लिनक्समधला ड्रॅकट ज्या मशीनवर चालतो त्याच्यापुरतेच ड्रायव्हर इनिटरॅमएफएसमध्ये (बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल) भरतो. व्हीएमवेअरवर बनलेली डिस्क केव्हीएमवर नेली की तिथल्या व्हर्च्युअल डिस्कचा व्हर्टआयओ ड्रायव्हर सापडत नाही आणि बूट ड्रॅकटच्या शेलमध्ये अडकतो. हलवण्याआधी जुन्याच जागी ‘नो-होस्टओन्ली’ पर्याय देऊन इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. एडब्ल्यूएसच्या नव्या पद्धतीच्या नायट्रो मशीनना एनव्हीएमई (डिस्क) आणि ईएनए (नेटवर्क) यांचे ड्रायव्हर लागतात. तिथे डिस्कचं नावही बदलतं, त्यामुळे एफएसटॅबमध्ये (कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख-क्रमांक, हवा. नेटवर्क कार्डचं तेच : व्हीएमवेअरवर बहुधा ‘ईएनएस१९२’, प्रॉक्समॉक्सवर (केव्हीएमवर चालणारी यंत्रणा) ‘ईएनएस१८’, नायट्रोवर ‘ईएनएस५’. ॲन्सिबलच्या प्लेबुकमध्ये हे नाव हाताने लिहू नये, ॲन्सिबलने मशीनवरून गोळा केलेल्या माहितीतून (फॅक्ट्स) घ्यावं.

शेवटी ओळख. इमेज बनवताना मशीन-आयडीची फाइल रिकामी केली नाही, तर एकाच इमेजमधून निघालेल्या मशीनना डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आयपी वाटणारी सेवा) एकच आयपी मिळू शकतो, कारण लिनक्समधली नेटवर्क सांभाळणारी सेवा सिस्टमडी-नेटवर्कडी आपली ओळख त्याच आयडीवरून बनवतं. मॅक ॲड्रेस वेगळे असूनही असं होतं, म्हणून लोक तासन्‌तास स्विच तपासत बसतात. एसएसएचच्या होस्ट-किल्ल्या पुसा, ‘क्लाउड-इनिट क्लीन’ चालवा, आणि मगच बंद करा.

प्रतिसाद ३

त्यात ‘इन्स्टन्स-आयडी’, म्हणजे प्रत्येक उभारलेल्या मशीनचा वेगळा क्रमांक, जोडा. क्लाउड-इनिट ‘पहिला बूट’ त्यावरूनच ओळखतं. बहुतेक क्लाउडवर तो १६९.२५४.१६९.२५४ या पत्त्यावरून मिळतो. नुसत्या केव्हीएमवर तो पत्ता नसतो, म्हणून ‘सीआयडेटा’ लेबलची छोटी आयएसओ जोडतात आणि तिच्यात मेटा-डेटा (इन्स्टन्स-आयडीसारखी ओळख) व यूजर-डेटा (आपल्या सूचना) अशा दोन फाइली ठेवतात. यूजर-डेटा बदलला पण इन्स्टन्स-आयडी तोच ठेवला, तर बहुतेक बदल लागू होत नाहीत आणि कुठे एरर दिसत नाही. यूजर-डेटाच्या पहिल्या ओळीत हॅशसकट (#) ‘क्लाउड-कॉन्फिग’ किंवा तशी दुसरी ओळखीची खूण नसेल, तर लॉगमध्ये एक इशारा पडतो आणि फाइल बाजूला राहते. तेव्हा सूचीत ‘पहिला बूट’ची व्याख्या ‘नव्या इन्स्टन्स-आयडीने झालेला बूट’ अशीच द्या.