घरं बुडाली, बँका बुडाल्या: राजकारण्यांची जबाबदारी कुठवर?

रामबागकर:
अमेरिकेतल्या 2008च्या गृहकर्ज संकटाचा विषय निघाला की आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत एकच पालुपद ऐकू येतं. बँकांना हाव सुटली, लोकांनी अंथरूण न पाहता पाय पसरले, विषय संपला. मला हे पटत नाही. हाव काही त्या वर्षी जन्माला आली नव्हती. तिला वेसण घालणारे नियम सैल कोणी केले, ते बघा.

1998 साली ब्रुक्सली बॉर्न या नियामक बाई म्हणत होत्या की डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे कर्ज, शेअर यांसारख्या दुसऱ्या गोष्टीच्या किमतीवर बेतलेल्या करारांच्या, व्यवहारांवर देखरेख हवी. अर्थमंत्री रुबिन, त्यांचे उपमंत्री समर्स आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडरल रिझर्व्हचे (फेड) प्रमुख ग्रीनस्पॅन, तिघेही त्यांच्या विरोधात उभे राहिले. 1999 मध्ये लोकांच्या ठेवी घेणाऱ्या व्यापारी बँका आणि शेअर-रोख्यांचे व्यवहार करणाऱ्या गुंतवणूक बँका यांच्यातली 1933 पासूनची भिंत पाडणाऱ्या कायद्यावर क्लिंटननी सही केली. सिनेटमध्ये बाजूने 90 मतं, विरोधात फक्त 8. डिसेंबर 2000 मध्ये डेरिव्हेटिव्हना देखरेखीतून मोकळं करणारा कायदाही त्यांच्याच सहीचा. मग धाकटे बुश आले. त्यांनी 2002 साली जाहीर केलं की 2010 पर्यंत अल्पसंख्याक समाजांतली आणखी 55 लाख कुटुंबं घरमालक झाली पाहिजेत. म्हणजे दोन्ही पक्ष यात आहेत. एकाला झोडपून दुसऱ्याला सोडायचं असेल, तर मी त्यात नाही.

थांबवायचा अधिकार ज्याच्या हातात होता आणि तरी ज्याने थांबवलं नाही, त्याचा दोष कर्ज घेणाऱ्यापेक्षा मोठा, असं माझं ठाम मत आहे.

सुदामानगरवाला:
दादा, तुमची यादी बरोबर, निष्कर्ष चुकीचा. 15 सप्टेंबर 2008ला बुडालेली लेहमन ही निव्वळ गुंतवणूक बँक होती. बेअर स्टर्न्सही तशीच. सामान्य ठेवीदारांच्या बँकेशी त्यांचं लग्न झालेलंच नव्हतं. 1999ची भिंत उभी असती तरी या दोघी पडल्याच असत्या.

आणि व्याजदर? 2003 मध्ये तो 1 टक्क्यावर आणला फेडने. ते काही निवडून आलेले लोक नाहीत. 2004 मध्ये अमेरिकेतली सुमारे 69 टक्के कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. अशा वेळी ‘घर घेऊ नका’ म्हणणारा उमेदवार कुठे निवडून येतो? उत्पन्नाचा पुरावा न देता, फॉर्मवर वाटेल तो आकडा लिहून लोकांनी कर्जं उचलली. त्यांचा हात कोणत्या पुढाऱ्याने धरला होता?

निवृत्त बँकवाला:
फेड निवडून येत नाही, हे खरं. पण ग्रीनस्पॅनना 1987 मध्ये रेगननी नेमलं, पुढे थोरले बुश, क्लिंटन आणि धाकटे बुश या तिघांनीही पुन्हा नेमलं. अन्यायकारक गृहकर्जांवर बंदी घालायचा अधिकार फेडला 1994च्या कायद्यानेच मिळाला होता. नीट वापरला कधी? 2008 मध्ये! चौदा वर्षं ज्यांनी जाब विचारला नाही त्यांना राजकारणीच म्हणतात ना?

आपल्याकडचं सांगतो. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने व्यापारी स्थावर मालमत्तेच्या कर्जांचं जोखीमभारांकन 100 वरून 125 टक्के केलं (2005), पुढच्याच वर्षी 150. म्हणजे बिल्डरला तेवढंच कर्ज द्यायचं तर बँकेने स्वतःचं भांडवल दीडपट अडकवून ठेवायचं. तेजी जोरात असताना ब्रेक दाबला. तेव्हा बिल्डर लॉबी किती ओरडली ते मी शाखेत बसून ऐकलं आहे.

राऊकर वहिनी:
काका, तुम्ही बँकेतून जाणाऱ्या पैशांबद्दल बोलताय. इंदूरमध्ये अर्धा खेळ बँकेबाहेर चालतो. बायपासच्या बाजूला आमच्या सासऱ्यांनी डायरीवर प्लॉट घेतला. डायरी म्हणजे खरोखरच डायरी. एका पानावर प्लॉटचा नंबर, खाली तारखा आणि मिळालेल्या रोख रकमा, शेजारी दलालाची सही. रजिस्ट्री नाही, डायव्हर्शन (शेतजमीन बिगरशेती करणं) नाही, टीएनसी म्हणजे नगर नियोजन खात्याची मंजुरी नाही. 1 मे 2017 पासून रेरा हा बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा पूर्णपणे लागू आहे, नोंदणीशिवाय असा प्रकल्प विकताच येत नाही. तरी सौदे झालेच.

2023 मध्ये मध्य प्रदेश सरकारने जाहीर केलं की 2022 अखेरपर्यंतच्या अवैध कॉलन्या वैध करू. राहणाऱ्यांना नळ-ड्रेनेज हवंच, त्याला माझा विरोध मुळीच नाही. पण ज्याने जमिनीचे तुकडे पाडून कॉलनी काटली आणि ज्याने ती काटू दिली, त्यांचं काय?

रामबागकर:
वहिनी, अगदी हेच. आइसलंडने निदान प्रयत्न तरी केला. 2008 मध्ये त्यांच्या तिन्ही मोठ्या बँका कोसळल्या आणि माजी पंतप्रधान गेइर हार्दे यांच्यावर खटला चालला. 2012 मध्ये एका मुद्द्यावर ते दोषी ठरले: संकट दिसत असूनही त्यावर मंत्रिमंडळाची बैठक घेतली नाही.

सुदामानगरवाला:
पुढचंही सांगा ना. शिक्षा शून्य. संसदेच्या समितीने हार्देंसह चार मंत्र्यांवर खटला सुचवला होता. संसदेने 33 विरुद्ध 30 मतांनी फक्त हार्देंना उभं केलं, बाकी तिघं सुटले. संसद आरोप ठरवायला बसली की हिशेब चुकते केले जातात. दोषी ठरवायचं काम न्यायालयाचं, बहुमताचं नव्हे. यावर मी हटणार नाही.

रामबागकर:
न्यायालयाला कायदा लागतो, आणि तो सैल करणारे हेच लोक. मग मतपेटी उरते. आयर्लंडमध्ये बँकांची हमी सरकारने स्वतःच्या डोक्यावर घेतली, देश कर्जात बुडाला, आणि 2011 मध्ये फिआना फॉल हा सत्ताधारी पक्ष सत्तरहून जास्त जागांवरून 20 वर आला.

सुदामानगरवाला:
पक्ष पडला, पण हमीचे पैसे भरले आयरिश करदात्यानेच.

राऊकर वहिनी:
त्यांना निदान कोणाला पाडायचं हे तरी माहीत होतं. आमच्या कॉलनीत मंजुरी नसताना विजेचे खांब कोणाच्या आदेशाने उभे राहिले हे विचारलं, तर प्रत्येक टेबल पुढच्या टेबलाकडे पाठवतं. दोघंही इथे एवढं वाचून आलात, तर मला माहितीच्या अधिकाराचा अर्ज नीट लिहून द्या. खांबांची मंजुरी, तारीख आणि सही करणाऱ्याचं पद, तिन्ही मागायचं आहे.